निघोजचे रांजणखळगे आणि वडगाव दर्या: एका दिवसात, आई-बाबा आणि मुलांसकट जमेल का?

हडपसरी

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस निघोजला (ता. पारनेर) कुकडी नदीतले रांजणखळगे, म्हणजे पात्रातल्या कातळात कोरले गेलेले रांजणासारखे खड्डे, बघायला जायचं ठरतंय. हडपसरहून स्वतःची गाडी. आम्ही दोघं, आई-बाबा आणि 9 व 13 वर्षांची मुलं. आईचे गुडघे दुखतात, कठडा असेल तर वीस-पंचवीस पायऱ्या चढते. शोधाशोध केली तर जिथं तिथं तेच चार फोटो आणि "निसर्गाचा चमत्कार". कामाची माहिती कुठंच नाही. म्हणून इथं विचारतो:

– कुंडावर (खळग्यांच्या जागी) टाकळी हाजीकडून जावं की निघोजकडून?
– जानेवारीत खळगे उघडे असतात का पाण्याखाली?
– मुलांना खडकावर नेणं कितपत धोक्याचं?
– जोडीला काय घ्यावं? वडगाव दर्या, मोराची चिंचोली, राळेगणसिद्धी, रांजणगाव अशी नावं ऐकली आहेत.
– जेवण, स्वच्छतागृह?

धाकट्याला शाळेत खळगे कसे तयार झाले ते सांगायचंय. तेही कुणी सोपं करून सांगितलं तर उत्तम.

---

घोडनदीकर

आधी रस्ता, कारण निम्मा दिवस तिथंच वाचतो नाही तर जातो.

हडपसरहून मगरपट्टा-खराडी करत वाघोलीत घुसू नका. सोलापूर रस्त्यानं थेऊर फाट्यापर्यंत या आणि थेऊर–केसनंद–लोणीकंद असे नगर रस्त्याला लागा. अंतर थोडं वाढेल, पण वाघोलीचा गुंता टळतो. पुढं कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव एमआयडीसी. पाळी बदलायच्या वेळी कंपन्यांच्या बस रस्त्यावर येतात आणि शिक्रापूरच्या चौकात चाकणकडची ट्रकांची रांग लागते. सकाळी सहाला घर सोडा, म्हणजे साडेसातच्या आत शिक्रापूर मागं पडेल. तासभर उशीर केलात तर तो तास दीड तास होऊन वसूल होतो.

पुणे ते शिरूर साधारण 65-70 किलोमीटर, शिरूरहून निघोज आणखी 25च्या आसपास. शिरूर ओलांडून घोड नदीचा पूल पार केला की पुणे जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर सुरू होतो. जुन्या पाट्यांवर अजून अहमदनगर आहे, गोंधळू नका. महामार्ग सुटला की पुढचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. जानेवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, हे रोजचं चित्र. त्यामुळं परतीला अंधार पडायच्या आत महामार्गाला लागायचं, एवढं एकच वेळापत्रक कडक पाळा. त्या दिवसांत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाच-सव्वापाचला आतल्या रस्त्यावरून बाहेर.

टाकळी हाजी की निघोज: खळगे नदीच्या पात्रात आहेत आणि कुकडी नदीच इथं तालुक्याची आणि जिल्ह्याची हद्द आहे. अलीकडं शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी, पलीकडं पारनेर तालुक्यातलं निघोज. दोन्ही काठांवर मळगंगा देवीचं मंदिर आहे आणि दोन्हीकडून गाडी जवळपर्यंत जाते. मध्ये झुलता पूल. नुसते खळगे बघून परत फिरायचं तर टाकळी हाजीची बाजू सोयीची. तुम्हाला पुढं पारनेरच्या पठारावर जायचं असेल तर निघोजकडूनच या, उगाच नदी वळसा घालून ओलांडायला नको.

तारखेबद्दल: तिसरा आठवडा ठीक. मात्र कार्यक्रम पुढं-मागं सरकला तर 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला या रस्त्यावर येऊ नका. पेरण्याच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला त्या दिवशी लाखो लोक येतात आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. संकष्टी असेल तर रांजणगावच्या फाट्यावर अर्धा तास जास्तीचा धरा, अंगारकीला तर सोडूनच द्या.

---

कातळवाचक

धाकट्यासाठी. शाळेत सांगण्याइतपत.

आपला सगळा घाटमाथा आणि देश हा लाव्ह्याच्या थरांनी बनलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, पुन्हा आला. त्याचा झाला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. कुकडी नाणेघाटाजवळ उगम पावते, जुन्नर तालुक्यातून उतरत निघोजपाशी येते आणि पुढं घोड नदीला मिळते. निघोजला नदीचं पात्र घट्ट, एकसंध कातळावर आहे आणि पुरातलं पाणी त्याच्या अरुंद घळईत कोंडलं जातं. पाणी तेवढंच, वाट अरुंद, म्हणून वेग वाढतो. वेग वाढला आणि तळ खडबडीत असला की भोवरे होतात.

आता मुख्य गोष्ट. नुसतं पाणी कातळ कोरत नाही, कोरतात ते गोटे. कातळाच्या एखाद्या फटीपाशी किंवा खोलगट जागी वाहत आलेला गोटा अडकतो. भोवरा त्याला रवीसारखा गरगर फिरवत ठेवतो. गोटा तळ घासतो, कडा घासतो, खळगा खोल होतो, खळगा खोल झाला की गोटा बाहेर पडू शकत नाही. झिजून त्याची वाळू झाली की पुढच्या पुरात नवा गोटा येतो. हे काम वर्षभर चालत नाही. पुराचे मोजके दिवस सोडले तर खळग्यात पाणी नुसतं साचून असतं. म्हणून एवढे रांजण व्हायला हजारो वर्षं लागतात.

मुलाला तिथं शोधायला लावा, चार अवस्था सापडतात:

पहिली, ताटाएवढा उथळ खोलगा, त्यात मूठभर खडे. दुसरी, खरा रांजण: तोंड अरुंद आणि पोट मोठं. तिसरी, दोन रांजणांमधली भिंत झिजून मध्ये खिडकी पडलेली. चौथी, भिंत पूर्ण गेलेली, चार-पाच रांजण मिळून एक नागमोडी घळ झालेली. नदीची मधली खोल घळ ही अशाच फुटलेल्या रांजणांची रांग आहे. पलीकडच्या कडेवर अर्धे कापलेले गोल दिसतील, त्या एकेकाळच्या रांजणांच्या उरलेल्या भिंती.

कोरडा खळगा सापडला तर आतल्या भिंतीवर तिरपे, वर चढत गेलेले पन्हाळीसारखे ओरखडे बघा. पाणी कुठल्या दिशेनं फिरत होतं ते त्यावरून कळतं. काही खळग्यांच्या तळाशी मध्यभागी थोडा उंचवटा राहतो, कारण गोटे कडेकडेनं फिरतात आणि मधला भाग कमी झिजतो. कातळात पांढरे ठिपके दिसले तर ते लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, नंतर खनिजांनी भरलेल्या. ठिपके जास्त तिथं खडक लवकर झिजतो.

फलकांवर आशियात पहिलं, जगात पहिलं वगैरे लिहिलेलं असतं. त्याच्या नादाला न लागता वरच्या चार अवस्था दाखवा. खळग्यातले गोल गोटे मात्र घरी आणू नका, नदीची हत्यारं आहेत ती.

---

कुंडाकाठ

गावाकडून थोडं. आम्ही त्याला "रांजणखळगे" कमी आणि "कुंड" जास्त म्हणतो. निघोजमध्ये शिरून कुणालाही "कुंडावर कसं जायचं" विचारा, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. मळगंगेचं मुख्य देऊळ गावात आहे, कुंडावरचं वेगळं. लोक कुंडावरचं बघून निघून जातात आणि गावातलं देऊळ नि त्याची बारव राहून जाते. चैत्र वद्य अष्टमीला यात्रा भरते, त्या वेळी देवीची घागर बारवेतून आपोआप वर येते अशी श्रद्धा आहे. यात्रेच्या दिवसांत कुंडावर पाय ठेवायला जागा नसते, खडक बघायला येणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.

पाण्याचं गणित महिन्यापेक्षा धरणावर आहे. वर येडगाव, माणिकडोह ही धरणं. जुलै ते सप्टेंबर पाणी सोडलं की खळगे दिसतच नाहीत, नुसता लाल लोंढा. ऑक्टोबरपासून उघडे पडायला लागतात. जानेवारीत वरचे सगळे दिसतात, खालच्या घळईत पाणी असतं. पण कुकडीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना बर्गे (अडवायच्या फळ्या) टाकतात आणि वरच्या बाजूला पाणी तुंबतं. ते कितीपर्यंत चढलंय त्यावर खालचे खळगे दिसणार की नाही हे ठरतं. मार्च ते मे सर्वात खोलवर दिसतं, पण तेव्हा कातळ असा तापतो की दहा वाजता चपलेतून चटका लागतो. जानेवारी हा मधला मार्ग, बरोबर निवडलाय.

आणि एक. पात्र कोरडं दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. वरून नदीत पाणी सोडलं तर इथं ऊन असतानाही पातळी वाढते. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचट वाहत यायला लागलं किंवा आवाज बदलला, की सामान आवरत न बसता आधी माणसं वर काढायची.

---

दोर_आणि_काठी

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण इथं जीव गेलेले आहेत आणि त्याची कारणं ठरलेली आहेत.

पाय घसरणं. कातळ दोन प्रकारचा आहे. राखाडी, खरखरीत, कोरडा: यावर पाय धरतो. काळा, चकचकीत, झिलई आलेला: हा पाण्यानं घासलेला, कोरडा असला तरी निसरडा, ओला असला तर विचारू नका. खळग्यांच्या कडा नेमक्या दुसऱ्या प्रकारच्या. हिरवट किंवा तपकिरी साय दिसली तर ते शेवाळ, तिथं पाय नाही. सकाळी दव असतं, म्हणून साडेआठच्या आत खडकावर उतरण्यात अर्थ नाही. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. सपाट तळव्याची चप्पल आणि फोमच्या स्लीपर गाडीतच राहू द्या. अनवाणी चालणंही बरं नाही, काचा असतात.

कडेवर उभं राहणं. रांजणाचं तोंड अरुंद आणि पोट मोठं, हे वर सांगितलंच आहे. म्हणजे काठावर उभं राहिलात की पायाखाली कातळाचा पातळ ओठ असतो आणि त्याच्याखाली पोकळी. कडेपासून किमान दोन पावलं अलीकडं थांबा. वाकून बघायचं असेल तर पोटावर झोपून, आणि मागून कुणीतरी पाय धरलेले. फोटोसाठी पाठ खळग्याकडं करून मागं सरकणं, बहुतेक अपघात यातून होतात.

पाण्यात उतरणं. खळग्यातलं पाणी शांत, स्वच्छ, हातभर खोल वाटतं. खोली दिसते त्यापेक्षा जास्त असते आणि भिंती आतून घासून गुळगुळीत असल्यानं बोट अडकवायला खाच मिळत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही, कारण तो बुडत नाही, दमतो. पाण्याखाली दोन खळगे जोडलेले असले तर वेगळाच धोका. त्यामुळं पोहणं नाही, पाय सोडून बसणं नाही.

कुणी पडलंच तर उडी मारू नका. एकामागून एक उतरल्यानं एकाचे तीन झालेले आहेत. 15 मीटरचा, बोटाएवढा जाड दोर आणि झाकण घट्ट लावलेला 5 लिटरचा रिकामा कॅन गाडीत ठेवा. कॅन दोराला बांधून टाकायचा, तो तरंगतो, त्याला धरून माणूस दम घेतो. मग दोघा-तिघांनी कडेपासून लांब बसून ओढायचं. दोर नसेल तर साडी किंवा दोन ओढण्या गाठ मारून. लगेच 112 आणि 108.

तुमच्यासाठी ठोस: 13 वर्षांच्याला एक मोठा माणूस, 9 वर्षांच्याला एक मोठा माणूस, आणि धाकट्याचा हात मनगटापाशी धरायचा, बोटं धरायची नाहीत. आई-बाबा मंदिराच्या ओट्यावर किंवा पुलाच्या तोंडाशी. पुलावरून सगळी घळ वरून छान दिसते, आईंना खडकावर उतरायची गरजच नाही. मात्र पुलावर गर्दी असेल तर उतरेपर्यंत थांबा आणि मुलांना पूल हलवू देऊ नका. जून 2025 मध्ये इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला, ते सगळ्यांना आठवत असेल.

---

तारवाली_भिंगरी

जोडीच्या ठिकाणांबद्दल.

मोराची चिंचोली: या दिवशी नको. मोर बघायचे तर सकाळी साडेसात-आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. सकाळी चिंचोली घेतली तर कुंडावर टळटळीत दुपार. शिवाय पावसाळा संपता संपता मोराचा पिसारा झडतो, जानेवारीत बरेचसे नर अर्ध्या पिसाऱ्याचे दिसतात. मुलं हिरमुसतील. चिंचोली वेगळी करा, जून-जुलैत.

पाखरं कुंडावरही आहेत. पुलाच्या आसपास तारवाली भिंगरी: शेपटीतून दोन तारा निघालेली, डोक्यावर तांबूस टोपी, पाण्याला घासून उडते. खडकांवर शेपूट हलवणारा परीट, पाणकावळे, खंड्या. साधी दुर्बीण पुरते. काठावर बाभूळ, हिवर, तरवड, बोर. पारनेर पर्जन्यछायेतला तालुका, घाटातली हिरवळ शोधायला येणाऱ्याला उघडंबोडकं वाटेल. कालव्याचं पाणी आलंय तिथं ऊस-कांदा आणि नाही आलं तिथं माळ. ही रेघ गाडीतून डोळ्यांना दिसते, मुलांना दाखवण्यासारखी आहे.

वडगाव दर्या घ्याच. निघोजहून गाडीनं तासाभराच्या आत. "दर्या" म्हणजे इथं दरी, समुद्राचा संबंध नाही. पठार चालता चालता एकदम खाली तुटतं, पायऱ्या उतरून गेलं की ओढ्याच्या कड्याखाली गुहा आणि दर्याबाई-वेल्हाबाई या देवींचं ठाणं. गुहेच्या छताला चुन्याचे लोंबते खांब आहेत.

---

कातळवाचक

वडगाव दर्यावर एक भर, कारण ही खरी नवलाची जागा आहे आणि निघोजच्या सावलीत राहते.

असे लोंबते खांब चुनखडीच्या मुलखात असतात. पारनेरात सगळा बेसॉल्ट, मग चुना आला कुठून? बेसॉल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि झिजलेल्या खडकातलं कॅल्शियम विरघळवून घेऊन जातं. कड्यापाशी ते पाणी उघड्यावर आलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना मागं राहतो. थेंबाथेंबानं छतावरून खाली वाढत जातो. शेवाळ आणि मुळांवर बसलेला चुना सच्छिद्र, जाळीदार होतो. तोही तिथं दिसेल, तुटलेल्या कडेला बोटाएवढ्या नळ्या दिसतात, आतली मूळं कुजून गेलेली.

टोकाशी थेंब लटकलेला खांब म्हणजे वाढता. टोक कोरडं, मळकट असेल तर तो थांबलेला. वाढत्या टोकाला हात लावू नका. हाताचा तेलकटपणा आणि मळ बसला की पुढचा चुना नीट धरत नाही. तेल-कुंकवानं काळवंडलेले भाग तिथं दिसतीलच.

निघोजला पाणी खडक नेतं, वडगावला खडक आणून ठेवतं. दोन्ही एका दिवसात बघणारा शाळकरी पोरगा भाग्यवान.

---

हडपसरी

अहो, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. राळेगणसिद्धी मग सोडतो. अजून तीन शंका. वडगावच्या पायऱ्या आईला झेपतील का? जेवण कुठं, कसं? आणि परत येताना पारनेर-सुपे करून महामार्गाला लागावं की आळेफाट्याकडून नाशिक रस्त्यानं? बायकोच्या मैत्रिणीला एसटीनं जायचंय, तिच्यासाठीही कुणी सांगा.

---

कुंडाकाठ

आईंना वडगावला वरच बसवा असं मी म्हणेन. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त लागतं आणि इथं आधी उतरायचं आहे, म्हणजे त्रास होतोय हे कळेपर्यंत खाली पोचलेलं असतो. त्यांना देवीचं दर्शन घ्यायचंच असेल तर काठी द्या, एका वेळी एकच पायरी, दुखरा पाय आधी खाली. चढताना उलटं, चांगला पाय आधी वर. दर दहा-बारा पायऱ्यांना थांबा. खाली माकडं आहेत. हातात पिशवी, नारळ, चिप्सचं पाकीट दिसलं की ओढतात. सगळं पाठीवरच्या बॅगेत, चैन बंद. प्रसाद खिशातसुद्धा नको.

जेवण: निघोज गावात हॉटेलं आहेत. वडापाव, मिसळ, चहा सहज, थाळी हवी तर सकाळी कुंडाकडं जातानाच सांगून ठेवा, सहा माणसांची भाकरी ऐन वेळी थापून मिळत नाही. आधी सांगितलंत तर पिठलं, भाकरी, ठेचा, नशीब असेल तर मासवडी. वडगावला जेवणाची आशा ठेवू नका. नाही तर घरून दशम्या, चटणी, दही. दही सकाळी घट्ट असलेलंच घ्या, गाडीत दुपारपर्यंत पाणी सुटतं. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे तुम्हाला 12 लिटर. कुंडाचं किंवा गुहेत ठिबकणारं पाणी पिऊ नये.

स्वच्छतागृह: रांजणगावच्या देवस्थानात किंवा शिरूरच्या आधी महामार्गावरच्या हॉटेलात सगळ्यांनी उरकून घ्या. पुढं भरवशाचं काही नाही. आणि मुलांना आडोसा म्हणून उसाच्या कडेला पाठवू नका, विशेषतः दिवस कलल्यावर. शिरूर, जुन्नर, पारनेर या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, वाकून बसलेलं मूल त्याला लहान जनावर वाटतं. उघड्या माळावर, मोठ्या माणसाला शेजारी उभं करून, बस्स.

---

घोडनदीकर

परतीला पारनेर–सुपे–शिरूर. आळेफाट्याकडून गेलात तर नारायणगाव, मंचर ठीक, पण संध्याकाळी चाकणला सापडाल आणि तिथून हडपसर गाठेपर्यंत मुलं झोपलेली असतील. कोथरूड-पिंपरीच्या माणसाला तो रस्ता विचार करण्यासारखा, तुम्हाला नाही.

वेळ अशी बसते. सहाला निघून साडेआठच्या सुमारास निघोज, नाश्ता आणि जेवणाची सूचना. नऊ ते अकरा कुंड. त्यानंतर गावातलं देऊळ, बारव, साडेबाराला जेवण. दीडला निघून अडीचपर्यंत वडगाव दर्या, चारला तिथून बाहेर. पाच-सव्वापाचला सुप्याजवळ महामार्ग. मध्ये एखादं टायर पंक्चर झालं तर कात्री गावातल्या देवळाच्या वेळेला लावा, परतीच्या वेळेला नाही. नकाशा घरूनच मोबाइलवर उतरवून घ्या, पठारावर रेंज येते-जाते.

एसटीनं: पुण्याहून नगर, छत्रपती संभाजीनगरकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या शिरूरला थांबतात. शिरूर स्थानकावरून निघोजची एसटी, नाही तर बाहेरून वडाप (खासगी जीप). गावातून कुंडापर्यंत रिक्षा ठरवा आणि तीच परतीला बोलवा, मोकळी मिळेल या भरवशावर राहू नका. स्थानकावर उतरल्या उतरल्या निघोजहून परत येणारी शेवटची गाडी किती वाजता हे चौकशी खिडकीवर विचारायचं. एसटीनं वडगाव एका दिवसात जमत नाही, नुसतं निघोज करावं.

---

सप्तमातृका

सगळे खडकात अडकलेत म्हणून उशिरा एक पर्याय. आई वडगावला उतरणार नसतील आणि त्यांना गाडीत नुसतं बसवून ठेवायचं नसेल तर वडगावऐवजी टाकळी ढोकेश्वर बघा. नगर–कल्याण रस्त्यावर आहे. टाकळी हाजी वेगळी, हे टाकळी वेगळं, नकाशावर नीट बघून घ्या, फसायला होतं. डोंगरात कोरलेली शैव लेणी, भक्कम खांब, आत सप्तमातृकांचा (सात मातृदेवतांचा) पट आणि नदीदेवता. इथंही चढायला पायऱ्या आहेत, पण सगळा चढ आधी आणि उतार नंतर, शिवाय पोचल्यावर सावलीत बसायला भरपूर जागा. विजेरी न्या, पट उजेडापासून आत आहे. समोरून प्रकाश टाकला तर शिल्प सपाट दिसतं, विजेरी बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा, मग एकेका मातृकेच्या मांडीवरचं मूल आणि खालचं वाहन उठून दिसतं.

फक्त दोन्ही एका दिवसात कोंबू नका. वडगाव किंवा ढोकेश्वर, एकच.

---

हडपसरी

ठरलं. बाबा आणि आई कुंडावर पुलापर्यंत, वडगावला आई वर गाडीपाशी, बाबा तिच्यासोबत. दोर आणि कॅन आज आणतो. दोर सुती घेऊ की नायलॉन?

---

दोर_आणि_काठी

दोन्ही नकोत, पॉलिप्रॉपिलीन मागा. शेतीच्या दुकानात पिवळा किंवा निळा मिळतो. तो पाण्यावर तरंगतो. सुती भिजून जड होतो आणि नायलॉन बुडतो. एका टोकाला कॅन घरीच बांधून ठेवा, दुसऱ्या टोकाला हात जाईल एवढा फास. आणि डिकीत सर्वात वर ठेवा, डब्यांच्या खाली नको.